आईला कुस्त्यांचं मैदान दाखवायचंय? बेळगावात नव्याने आलेल्यांसाठी

नोकरीनिमित्त बेळगावला आलेल्या माणसाकडे आई किंवा बाबा राहायला आले की पहिले दोन दिवस आपोआप जातात. किल्ला होतो, किल्ल्यातली कमल बस्ती होते, कॅम्पातलं मिलिटरी महादेव आणि दक्षिण काशी म्हणतात ते कपिलेश्वर होतं. गावाकडे न्यायला कुंदा बांधून होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळी सोफ्यावर बसून तुमच्याकडे बघायला लागतात. मॉल दाखवून काही उपयोग नाही, तसले त्यांच्या गावातही आहेत.

हिवाळा सरल्यापासून पावसाळा लागेपर्यंतचे दिवस असतील तर माझा सल्ला एकच: आसपासच्या एखाद्या गावच्या यात्रेतलं कुस्त्यांचं मैदान गाठा. वडील असतील तर कुणाला नवल वाटत नाही. आईला नेतो म्हटलं की शेजारीपाजारी विचारतात, "त्यांना काय कळतंय त्यातलं?" माझी आई टीव्हीवर कुठलाही खेळ लागला की उठून स्वयंपाकघरात जाते. मैदानातून मात्र तिला उठवून आणावं लागलं. त्यामुळे हे सगळं प्रामुख्याने आईला नेणाऱ्यांसाठी आहे. वडिलांना नेणाऱ्यांनी बसायच्या जागेचं आणि जेवणाचं तेवढं वाचलं तरी चालेल.

मैदान शोधणं

हे फोनवर शोधून फारसं सापडत नाही. दोन जागा बघायच्या. पहिली म्हणजे सकाळचं मराठी वर्तमानपत्र. १९१९ पासून बेळगावातून निघणारा 'तरुण भारत' किंवा 'पुढारी', 'सकाळ' यांची बेळगावची पानं यात्रांच्या दिवसांत नीट चाळा. "जंगी कुस्त्यांचे मैदान" असा मथळा सापडेल. दुसरी जागा म्हणजे भिंत. शहापूर, वडगाव, अनगोळ भागातल्या चहाच्या टपऱ्या, तालमींची दारं, गावांच्या वेशीवरचे खांब, या सगळ्यांवर हँडबिलं चिकटवलेली असतात.

शहरात आनंदवाडीचा आखाडा आहे. तिथली मैदानं मोठी, गर्दी मोठी आणि पैलवान नामांकित. पंजाब, हरियाणापासून अलीकडे इराणपर्यंतचे पैलवान तिथे येऊन गेलेत. खरं सांगायचं तर आईची पहिली खेप तिथे नको. पहिल्या खेपेला गाव बरं. राजहंसगडाच्या पायथ्याचं येळ्ळूर, विमानतळाजवळचं सांबरा, कंग्राळी, मुचंडी, किणये, सावगाव अशी कितीतरी गावं शहराच्या भोवती आहेत. गावच्या यात्रेचा मुख्य दिवस आटोपला की एक-दोन दिवसांत बहुधा मैदान भरतं. पाहुणेरावळे अजून गावातच असतात, घरोघरच्या बायका मोकळ्या झालेल्या असतात आणि म्हणून बघणाऱ्यांत बायकांची संख्याही बरी असते. आईला पहिल्याच खेपेला तिच्या वयाच्या चार जणी दिसल्या पाहिजेत, निम्मं काम तिथेच होतं.

हँडबिल वाचायचं कसं

वर देवाचं नाव आणि "प्रसन्न". मग ठळक अक्षरांत पहिल्या क्रमांकाची कुस्ती: डावीकडे एक फोटो, उजवीकडे एक, मध्ये "विरुद्ध". नावाखाली किताब आणि तालीम. कोल्हापूरची गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग ही नावं सतत दिसतील, इकडच्या बाजूने दावणगेरे, धारवाड दिसेल. त्याखाली दोन नंबर, तीन नंबर, असं उतरत जातं. इनाम कुणी लावलंय त्यांची नावं असतात, आणि ती पैलवानांपेक्षा मोठ्या टायपात असली तरी मनावर घेऊ नका.

तुम्हाला हवी ती ओळ सगळ्यात तळाशी, बारीक अक्षरांत असते: "याशिवाय लहानमोठ्या अनेक चटकदार कुस्त्या होतील." तिच्याच आगेमागे मैदान सुरू व्हायची वेळ असते. "ठीक ३ वाजता" असं छापलं असेल तर साडेतीन ते चार धरा. आधी आखाड्याचं पूजन होतं, नारळ फुटतो, पाहुण्यांना फेटे बांधतात, चार जणांची भाषणं होतात.

फोटोतला पैलवान येईलच याची खात्री धरू नका. कुणी दुखावतो, कुणाची दुसरीकडे स्पर्धा असते. आयत्या वेळी जोड बदलते आणि गावाला त्याचं फारसं काही वाटत नाही.

चारच्या आत पोचा, मोठ्या कुस्तीसाठी थांबू नका

नवखा माणूस हमखास उलटं करतो. एक नंबरची कुस्ती रात्री नऊ-दहाला लागणार म्हणून तो जेवूनखाऊन आठला निघतो. तोवर पुढच्या जागा गेलेल्या असतात, आई गर्दीच्या मागे उभी राहते, तिला दिसतात ती फक्त माणसांची डोकी. मग वीस-पंचवीस मिनिटं दोन धिप्पाड माणसं एकमेकांच्या मानेवर हात टाकून रेटारेटी करतात आणि शेवटी पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. आई घरी येऊन म्हणते, "छान होतं." म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

मैदानाचा खरा जीव पहिल्या दोन तासांत असतो, पोरांच्या कुस्त्यांत. त्या झटपट होतात. कोण जिंकलं ते विचारावं लागत नाही, पाठ लागली की लागली. आणि समोर उभी असतात ती कुणाची तरी मुलं. आईला डाव कळत नसतील, पोरं कळतात.

या कुस्त्या हँडबिलावर नसतात, त्या जागेवरच जोडतात, आणि ते बघण्यासारखं असतं. आम्ही बसलो होतो तिथून पाच-सहा हातांवर जोडी लावणं चाललं होतं. सातवी-आठवीतली दोन पोरं. एका वस्तादांनी दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं, दोघांच्या टाळूवर पंजा आडवा ठेवून उंची बघितली, दंड चाचपले, एकाच्या मांडीवर थाप मारली आणि तोंडाने "चालतंय" म्हटलं. झाली जोड. डावीकडचं पोरगं इतकं किडकिडीत की बरगड्या मोजाव्यात. आई मला म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक नाही, "ह्याला सकाळपासून काही खायला घातलेलं दिसत नाही रे."

शेजारच्या पातळातल्या आजी वळल्या. "माझाच नातू की तो. खाल्लंय सगळं, खरं अंगाला लागत नाही, काय करायचं?"

मी जमिनीकडे बघायला लागलो. आईने मात्र जराही न गडबडता विचारलं, "जंताचं औषध दिलं का?" आणि दोघींचं जे सुरू झालं ते रात्रीपर्यंत. कुस्ती लागली तेव्हा आजींचा हात आईच्या मनगटावर होता. किडकिडीत पोराने पट काढला, दुसऱ्याला खाली घेतला, मान आणि पाय एकत्र आवळून झोळी बांधली आणि पाठीवर लोळवला. पुरतं मिनिटही लागलं नसेल. आजींनी टाळी वाजवली नाही. नुसतं "हं" म्हणाल्या आणि पदर सारखा केला. टाळ्या आईने वाजवल्या.

हे सगळ्यांच्या बाबतीत असंच होईल असं नाही. पण साडेचारला पुढे बसलेल्या माणसाच्या बाबतीत होण्याची शक्यता बरीच असते, आठला मागे उभ्या राहिलेल्याच्या बाबतीत अजिबात नाही.

जायचं कसं

गावं जवळ असल्यामुळे मध्यवर्ती बसस्थानकावरून किंवा गावाच्या दिशेच्या नाक्यावरून बस मिळते. पाट्या कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर लाजू नका, कंडक्टरला मराठीत विचारलं तरी कळतं. कन्नडमधून विचारायचं तर "येळ्ळूर होगतैतेन्री?" एवढं पुरे, तोंडावर हसू येतं आणि कधीकधी बसायला जागाही मिळते.

आई महाराष्ट्रातून आली असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत तिकीट लागत नाही, पण ते कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी, इथल्या पत्त्याचं ओळखपत्र दाखवून. आईच्या आधार कार्डावर सांगली किंवा नाशिक असेल तर पूर्ण तिकीट पडतं. एसटीतल्या अर्ध्या तिकिटाची सवलतही इथे चालत नाही. "सगळ्या बायका फुकट आणि मीच का?" हा प्रश्न भर बसमध्ये येण्यापेक्षा घरी आलेला बरा.

परतताना बसच्या भरवशावर राहू नका. रात्रीच्या फेऱ्या कमी, आणि त्या दिवशी गर्दी. स्वतःची गाडी किंवा ठरवलेली रिक्षा हवी. रिक्षा असेल तर भाडं थांबण्याच्या वेळेसकट आधीच बोलून घ्या. गाडी असेल तर मैदानाजवळ नेऊन लावायचा मोह आवरा. शेतात, अगदी आत लावलेली गाडी शेवटची कुस्ती संपल्यावर तासभर हलत नाही. गावाच्या तोंडाशी, परतीच्या दिशेने तोंड करून लावा, आईला आधी मैदानाजवळ उतरवा.

बसायची जागा

पश्चिमेकडे पाठ करून बसा. साडेचार-पाचचं ऊन तिरकं असतं, समोरून आलं तर आखाडा दिसत नाही. भोंग्यांपासून लांब बसा, हलगीवाल्यांपासूनही थोडं लांब. हलगी, घुमकं आणि कैताळ तिन्ही एकदम वाजायला लागलं की छातीत धडधडतं. तरुणांना बरं वाटतं, साठी ओलांडलेल्यांना सगळ्यांना वाटेलच असं नाही.

गावच्या मैदानात बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट असतो आणि बैठक जमिनीवर. मोठ्या मैदानांत खुर्च्या किंवा तिकिटं असू शकतात. गुडघे धरत असतील तर घडीचं स्टूल न्या. पुढे स्टूल टाकून बसलात तर मागचे ओरडणार, आणि बरोबरच ओरडणार. बाजूला बांधाला किंवा भिंतीला टेकून बसता येईल अशी जागा बघा. कडेला बायकांचा घोळका असतो, तिथे जाऊन "बसू का?" म्हणून विचारलं की पुरे. "बसा की मावशी, कुठलं म्हणायचं तुम्ही?" हे आलंच. तुम्ही पुरुष असाल तर आईला तिथे बसवून स्वतः दोन हात मागे सरका. सारखं कानाशी लागून डाव समजावत बसू नका. ते काम शेजारणी जास्त चांगलं करतात.

सोबत पाणी, एक चादर, पातळ शाल. बेळगाव उंचावर आहे, मे महिन्यातही रात्री वारं सुटलं की गार वाटतं. पांढरी साडी नको, लाल माती उडते. एप्रिल-मे असेल तर वळवाची तयारी ठेवा. आखाडा भिजला तर मैदान थांबतं किंवा पुढे ढकलतात आणि मग चिखलातून परतावं लागतं.

स्वच्छतागृहाची सोय फारशी नसते. हे आईला निघण्यापूर्वीच सांगा आणि घरूनच जाऊन निघा. वेळ आलीच तर शेजारी बसलेल्या बायकांना विचारायला सांगा, कुणी ना कुणी आपल्या घरी घेऊन जातं.

आखाड्याच्या कडेने जाताना चप्पल मातीवर पडू देऊ नका. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं, तिची पूजा झालेली असते, आणि पैलवान उतरताना ती कपाळाला लावतात. कुणी ओरडायच्या आत आपणच सांभाळलेलं बरं.

काय चाललंय ते कळण्यापुरतं

ऑलिंपिकमध्ये दिसते ती मॅटवरची कुस्ती: तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की संपली. मातीतली कुस्ती निकाली असते. समोरच्याची पाठ मातीला लावायची, चितपट करायचं. ते होईपर्यंत कुस्ती चालू. मोठ्या कुस्त्यांना वेळ बांधून देतात, त्यात निकाल लागला नाही तर काही मिनिटं गुणांवर खेळवतात, तेही जमलं नाही तर बरोबरीत सोडवतात.

सुरुवातीला दोघे एकमेकांच्या अंगाला माती लावतात, म्हणजे घामाने हात निसटत नाहीत. सलामी झडते. मग खडाखडी, म्हणजे हाताला हात, मानेला हात, जोर अजमावणं. इथे हलगी संथ असते. एकाने वाकून पायाला हात घातला की पट निघतो आणि हलगी चढते. खाली गेलेला पालथा, मातीला पोट चिकटवून पडतो, वरच्याने त्याला उलटा करायचा. घिस्सा, एकचाक, घुटना, मोळी ही डावांची नावं निवेदक सारखी घेतो. सगळी लक्षात ठेवायची गरज नाही. आईला एवढंच सांगा: पोटावर आहे तोवर कुस्ती आहे. आणि लोक अचानक उठून उभे राहिले की त्याच क्षणी आखाड्याकडे बघायचं, आपल्याकडे नाही.

"कुस्ती मारली" म्हणजे जिंकली. मारामारीचा काही संबंध नाही. माझ्या आईला हे सांगावं लागलं.

निवेदकाकडे कान ठेवा. चांगला निवेदक असेल तर निम्मी मजा त्याचीच. कुठल्या पैलवानाचा आजा कुणाशी लढला, कुणाचे वडील उसाच्या गाडीवर होते, कुणी कुठला डाव कुणाकडून शिकला, हे सगळं तो मराठीत सांगतो, मध्येच दोन वाक्यं कन्नडमधून टाकतो, आणि कुणाला त्यात वेगळं काही वाटत नाही. बाहेरून आलेल्याला इथल्या भाषेच्या भांडणाबद्दल बरंच काही ऐकायला मिळालेलं असतं. ते भांडण खोटं नाही. पण आखाड्यात उतरलेल्या पोराच्या वस्तादाची भाषा कुठली हे मी तरी कुणी विचारताना ऐकलेलं नाही.

कधीतरी निवेदक श्रीपती खंचनाळे यांचं नाव घेईल. १९५९ चे पहिले हिंदकेसरी. गाव एकसंबा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं, चिक्कोडीकडचं. कोल्हापूर इथून शंभरेक किलोमीटरवर. शाहू महाराजांनी बांधलेलं तिथलं खासबाग मैदान १९१२ पासूनचं. त्यामुळे या पट्ट्यातल्या पोरांची तालीम कोल्हापुरात, घर कर्नाटकात आणि मैदानं दोन्हीकडे, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आईला इतिहास ऐकायचा नसेल तर हे सांगू नका. वडिलांना मात्र सांगा, त्यांना खंचनाळे नाव बहुधा माहीत असतं आणि मग तेच तुम्हाला सांगायला लागतात.

अलीकडे मुलींच्या कुस्त्याही लावतात. हँडबिलावर असतील तर ते मैदान आधी निवडा. पन्नाशी-साठीतल्या बायका ज्या पद्धतीने त्या बघतात, ते बघायला मिळतं.

सुटे पैसे न्या

दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा. कुस्ती मारलेलं पोरगं आखाड्याच्या कडेने एक फेरी मारतं, अंगाला माती, कान लाल झालेले, आणि बघणारे त्याच्या हातात नोट ठेवतात. कोण किती देतो त्याला महत्त्व नाही. ऑनलाइन पैसे पाठवायचा विचारही करू नका, लंगोटाला खिसा नसतो आणि फोनही नसतो.

पैसे आईच्या हातात आधी देऊन ठेवा, तिने मागायच्या आत. तुम्ही दिलेली नोट आणि तिने दिलेली नोट यात फरक आहे. आमच्या आईने त्या आजींच्या नातवाला पन्नास दिले ते ठीक. नंतर एका हरलेल्या पोराला हाक मारून जवळ बोलावलं आणि त्यालाही पन्नास दिले. तो रडत होता. हरलेल्याला असं बोलावून द्यायची रीत नाही, पण कुणी अडवलं नाही. ते कुणीतरी निवेदकाच्या कानावर घातलं आणि भोंग्यावरून आलं, "पाहुण्या आजींकडून दोन्ही पैलवानांना रोख इनाम!" आईने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तिने हे फोनवर किमान तीन नातेवाइकांना सांगितलं, त्यातल्या एकाला इनामाचा आकडा वाढवून.

फोटो काढायचे तर फ्लॅश बंद. पोरांच्या अगदी जवळ जाऊन व्हिडिओ काढण्याआधी त्यांच्या वस्तादांना विचारा.

कधी उठायचं

माझं मत सरळ आहे: साडेआठ-नऊच्या सुमारास, दोन-तीन नंबरच्या कुस्त्या लागायच्या बेतात असताना निघा. त्यानंतर गर्दी उभी राहते, पुढचे उठले की मागच्यांना दिसत नाही, रेटारेटी होते, आणि उशिराच्या गर्दीत थोडी घेतलेलीही मंडळी असतात. मोठी कुस्ती बघायचीच असेल तर ती पुढे कधीतरी आनंदवाडीत, खुर्चीचं तिकीट काढून बघा.

पण विचारा आईला. उठायचं नाही म्हणाली तर बांधाच्या कडेला सरकून बसा आणि एक नंबर संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. गाड्यांची पहिली लाट जाऊ द्या. धूळ खाली बसते, भेळवाले उरलेलं स्वस्तात देतात, आणि ओळख झालेली मंडळी निवांत बोलतात.

खाणं

मैदानाबाहेर चिरमुऱ्यांची भेळ, भाजलेल्या शेंगा, मिरची भजी, उसाचा रस, कलिंगडाच्या फोडी. शेंगा आणि भजी बिनधास्त खा. कापून ठेवलेलं कलिंगड आणि बर्फ घातलेला रस ज्येष्ठांना नको, त्यात मी कुणाचं ऐकत नाही. खोकला असेल तर शहरातून निघताना आलेपाकाच्या चार वड्या घेऊन ठेवा, धुळीत बऱ्या पडतात.

रात्री शहरात परतून हॉटेलात जेवायचा बेत करू नका. उशीर होतो. घरी खिचडीची तयारी करून निघा.

आणि हे शेवटचं, कारण यावर नवे लोक गडबडतात. यात्रेच्या गावात शेजारी बसलेली बाई "जेवूनच जावा" म्हणाली तर ते नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं नसतं. यात्रेला घरोघरी पाहुण्यांच्या पंगती उठतात, दोन माणसं वाढली तर कुणाला जड जात नाही. जायचं असेल तर लगेच हो म्हणा, तीन वेळा नको म्हणून चौथ्यांदा हो म्हणू नका, तोवर त्या स्वयंपाकाचा अंदाज बांधून बसलेल्या असतात. बऱ्याच गावांत यात्रेचं जेवण मटणाचं असतं. आई खात नसेल तर तिथेच, मैदानातच सांगा, घरी ताटावर बसल्यावर नाही. पुरणपोळी किंवा भाजी-भाकरी निघते कुठूनही. रिकाम्या हाताने जायला संकोच वाटत असेल तर येतानाच शहरातून पाव किलो कुंदा जास्तीचा बांधून घ्या आणि पिशवीत वर ठेवा, खाली ठेवलात तर स्टुलाखाली चेपतो.

जायचं नसेल तर "पुढच्या यात्रेला येतो" असं सांगा. पण आईसमोर सांगताना विचार करून सांगा, ती ते लक्षात ठेवते, आणि त्या आजींनी तिचा फोन नंबर एव्हाना घेतलेला असतो.